घणवाल्याचा चाळीसावा अंक

रविवार, २१ नोव्हेंबर २००४. वडीगोद्री.

काल तुमच्या तेराव्याला हजर: तुमचे दादा. तुमची कमल, माझी जाऊ. परतूरचे किराणावाले शेठ, काठी टेकत, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सखाराम तात्या, मेंढरं लेकाकडे सोपवून. अंबडचा पेंटर, ज्याने आपल्या दुकानाची पाटी रंगवली. बाजारची माणसं मी मोजली नाहीत. सतरंज्या कमी पडल्या एवढं सांगते. गैरहजर: सिकंदराबादचा ड्रायव्हर यादगिरी. तो सुतकातच येऊन गेला, त्याचं पुढे लिहिते.

भाऊजी, हजेरी घेतली म्हणून हसू नका. रडून झालं की मी कागद घेते, हे तुम्हाला नवीन नाही. तुमच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी द्याव्यात असं कुणी तरी म्हणालं. जन्म, शिक्षण, कृषी सेवा केंद्र, मागे कोण कोण राहिलं. मी नको म्हणाले. त्यात कॉमिकची ट्रंक कुठेच आली नसती.

आपल्या दोघांना आयुष्यात एक गोष्ट करायची होती. घणवाल्याच्या कॉमिकचे चाळीसच्या चाळीस अंक मिळवायचे आणि त्याचा शेवट बाजारच्या दिवशी दुकानासमोर बसून सांगायचा. ते झालं. तुमच्या देखत, तुमच्या तोंडून झालं. म्हणून हा कागद रडका होणार नाही.

सुरुवात तुमच्यामुळे झाली की हिंगामुळे, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. तेव्हा आपण परतूरला राहत होतो. मी लग्न होऊन आले ते १९८१ साल, तुम्ही कॉलेजात. शेठच्या दुकानात सिकंदराबादहून रेल्वेने रद्दीचे गठ्ठे यायचे आणि तिचे चौकोन फाडून पुड्या बांधल्या जायच्या. मी तुम्हाला हिंग आणायला पाठवलं. तुम्ही पुडी घेऊन आलात ती उलगडलेलीच, हिंग तळहातावर आणि कागद डोळ्यांसमोर. कागदावर रंगीत चित्र होतं. ढगात उभा एक धिप्पाड गडी, उडता लाल अंगरखा, हातात लोहाराचा असतो तसा घण. मानेपासून वर कागद फाटलेला.

"वैनी," तुम्ही म्हणालात, "याचं मुंडकं कोण्या घरी गेलं असंल?"

आणि तुम्ही ते शोधायला निघालात. शेठला विचारून सकाळपासून कोणी काय नेलं ते काढलंत, हातात वर्तमानपत्राचे कागद घेतलेत आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन पुड्या बदलून मागितल्यात. जिरं आमच्या कागदात, तुमचा कागद आम्हाला. एका काकूंना वाटलं भेसळ तपासायला माणूस आलाय, त्यांनी तिखटाचा डबाच लपवला. मुंडकं चहापत्तीच्या पुडीवर निघालं. पिवळे केस, डोक्यावर पंख लावलेलं शिरस्त्राण. संध्याकाळपर्यंत तुम्ही जवळजवळ सगळं पुस्तक जमवलंत आणि पोती शिवायच्या दाभणाने, सुतळीने ते शिवलंत. त्याला हिंगाचा वास होता. आजही आहे.

मग तुम्ही ते माझ्यापुढे ठेवलंत, डिक्शनरीसकट. चित्रं तुम्ही लावायची, इंग्रजी मी. लग्नाआधी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. या घरात येऊन काही महिने झाले होते. भाकरी येते का, शेण सारवता येतं का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. या शब्दाचा अर्थ काय, हे पहिल्यांदा तुम्ही विचारलंत. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही. दिराला असं काय बोलायचं असतं, मला सुचलं नाही. आता लिहिते: त्या दुपारपासून हे घर माझं झालं.

वाचता वाचता कळलं की हा कुठल्या तरी बर्फाळ मुलखातल्या फार जुन्या देवांचा गोतावळा. कॉमिकवाल्यांनी त्यांना घट्ट कपडे घालून आजचे सुपरहिरो केलेले. बाप एक डोळ्याचा, त्याच्या खांद्यांवर दोन डोमकावळे. आठ पायांचा घोडा. स्वर्गात जायला इंद्रधनुष्याचा पूल. समुद्रात पृथ्वीला वेढा घालून बसलेला साप आणि साखळदंडाने बांधून ठेवलेला एक लांडगा, जो एक दिवस सुटणार हे सगळ्यांना ठाऊक. अंक आपल्या जन्माच्या आसपासचे, कागद पिवळट, कुठे चहाचे डाग, कुठे मागच्या मालकाने पेन्सिलीने काढलेल्या मिशा. पहिल्याच अंकाच्या आतल्या पानावर छापलं होतं की गोष्ट चाळीस अंकांची आहे. तिथेच आपण फसलो. किती हवेत हे एकदा कळलं की मला चैन पडत नाही आणि तुम्हाला मी चैन पडू देत नाही.

शेठनी सवलत दिली: गठ्ठा फोडायचा तो तुमच्यासमोर. चार-सहा वर्षांत शेठकडून, मग स्टेशनवरच्या चणेवाल्याकडून, एकदा जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं आणायला गेलात तेव्हा तिथल्या कॅन्टीनच्या टेबलावरून, तुम्ही अंक आणत गेलात. मी स्टॉकच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवली: क्रमांक, अवस्था, कोणतं पान नाही, कशाचा वास. तुमचे दादा म्हणायचे, दोघं मिळून युरियाचा हिशेब एवढा बराबर ठेवा. ठेवलाच होता. ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

याच वर्षांत वडीगोद्रीला हायवेवर दुकान टाकलं, ट्रंक बियाण्याच्या पोत्यांमागे ठेवली आणि बाजारच्या दिवशी तुमची गोष्ट सुरू झाली. आधी मला वाटलं, गिऱ्हाईक धरून ठेवायची युक्ती आहे. मग लक्षात आलं, गिऱ्हाईक उठून गेलं तरी तुम्ही सांगताच आहात. बसची वाट पाहणारे, खत घ्यायला आलेले, नुसतेच सावलीला बसलेले. तुम्ही अंक मांडीवर धरायचात, एकेक चित्र फिरवून दाखवायचात आणि आपल्या बोलीत सांगायचात. एकडोळ्या बाप तुमच्या तोंडून थेट आपल्या मामंजींसारखा बोलायचा. आठ पायांच्या घोड्याला नाल किती लागतील आणि तो चिखलात रुतला तर कोणत्या पायापासून काढायचा, यावर एक अख्खा बाजार गेला होता.

एकोणचाळीस अंक झाले आणि गाडी थांबली. एकोणचाळीसाव्याच्या शेवटच्या चित्रात लांडग्याने साखळदंड तोडलाय, जबडा आभाळाला लागलाय, साप समुद्रातून वर येतोय आणि घणवाला मधोमध उभा. पुढचा अंक नाही. एक वर्ष नाही, दुसऱ्या वर्षी नाही. सखाराम तात्या दर बाजारी मेंढरं पलीकडे बसवून यायचे, खाली टेकायचे आणि विचारायचे.

"मुरल्या, तुझा देव अजून त्या लांडग्यापाशीच हुभाय का? पाणी तरी पाजलं का त्याला?"

मी म्हणत होते, शेवट रचून सांगा. तुम्हाला काय अवघड होतं? तुम्ही म्हणालात, पाहिलं न्हाई ते सांगणार न्हाई. मग मी जालन्याच्या लायब्ररीतून त्या देवांच्या पुराणाचं पुस्तक आणून वाचलं आणि तुम्हाला म्हणाले, शेवटी सगळे मरतात, सांगून टाका. तुम्ही दोन्ही कानांवर हात ठेवलेत. ती दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट, म्हणालात. या चित्रवाल्यानं काय केलं ते पाहिजे. मला राग आला होता. लोक इतकी वर्षं खोळंबून बसलेत आणि तुम्ही नियम लावताय. आता वाटतं, नियम लावणं मला एकटीलाच येतं असा माझा समज होता.

मग पाटी. हे तुमचंच डोकं. हायवेने हैदराबाद-सिकंदराबादच्या गाड्या जातात, कुणी तरी अंक पाहिलेला असणारच, म्हणून दुकानाच्या भिंतीवर घणवाल्याचं मोठं चित्र काढून घ्यायचं. पेंटरला तुम्ही अंक दाखवलात, आणि बियाणं आणायला जालन्याला गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा मी दारात उभी होते, कारण तुमचं तोंड मला बघायचं होतं. पेंटरने घणवाल्याला काळ्याभोर पिळदार मिशा दिल्या होत्या. पंखांचं शिरस्त्राण मोडकं दिसतं म्हणून फेटा बांधला होता. घणाची गदा झाली होती. आणि खाली, स्वतःच्या मनाने: "या देवाचे शेवटचे पुस्तक आणून देणाऱ्यास बियाण्याची एक पिशवी बक्षीस."

देव हा शब्द त्याचा. तुम्ही नुसतं "हिरो" सांगितलं होतं. पेंटर म्हणाला, हिरोला एवढी छाती नसते.

पहिला नारळ एका पंक्चर झालेल्या ट्रकवाल्याने फोडला. मग बायका येता-जाता कुंकू लावायला लागल्या. मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घ्यायचे, भिंतीला टेकवायचे आणि मगच बैलगाडीत टाकायचे. तात्यांना सगळं माहीत होतं, गोऱ्या लोकांच्या कॉमिकमधला माणूस आहे हे त्यांनी पान पान पाहिलेलं. त्यांनीसुद्धा एक दिवस भंडारा आणून उधळला. मी विचारलं तर म्हणाले, पाहुणा देव हाय वैनी, वाट चुकून आलाय, त्याच्याकडं कोण बघणार मंग?

मला मुंग्यांची काळजी. नारळाचं पाणी पोत्यांपर्यंत जायचं आणि मुंग्या थेट ज्वारीच्या बियाण्यात. चित्र पुसा, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही हो म्हणायचात आणि पुसायचा नाहीत. शेवटी मी भिंतीपासून लांब एक फरशी बसवली आणि पाटी लावली: नारळ इथे फोडावेत. तुम्ही आठवडाभर हसत होतात. पण मुंग्या गेल्या, हेही लिहून ठेवते.

बक्षिसासाठी लोकांनी काय काय आणलं! मारुतीची कॅलेंडरं, पैलवानांचे फोटो, अर्धं फाटकं भुताचं पुस्तक, एकाने तर लोहारकामाचं आयटीआयचं पुस्तक. मी प्रत्येक वस्तू लिहून घेतली आणि परत केली. तुम्ही प्रत्येकाला चहा पाजलात. खर्च वाढला, अंक आला नाही.

आला तो या उन्हाळ्यात, आणि आपल्या कुठल्याच हुशारीने नाही. यादगिरी सिकंदराबादहून कपाशीच्या बियाण्याची खोकी घेऊन यायचा. प्रत्येक खेपेला भिंतीपुढे हात जोडायचा, नारळ फोडायचा, अर्धा तुम्हाला द्यायचा. एक दिवस त्याने विचारलं, या देवाचं नाव काय आणि यात्रा कधी भरते. तुम्ही खोटं बोलू शकत होतात. तुम्ही त्याला आत नेलंत आणि ट्रंक उघडलीत. त्याने एक अंक पाहिला, दुसरा पाहिला, बाहेर जाऊन भिंतीकडे पाहिलं, परत आत आला. मी पोत्याआडून बघत होते. मला वाटलं आता हा आपल्याला झोडपणार; चार वर्षांचे नारळ.

त्याने अंक मिटून ट्रंकेत ठेवला. मग म्हणाला, "चार साल में मेरी गाडी एक बार बी नै रुकी. नाम कुछ बी रहने दो."

आणि उठता उठता म्हणाला की ही किताब त्याने पाहिली आहे. त्याच्या साडूचं सिकंदराबादला रद्दीचं दुकान, आणि साडूही तुमच्यासारखाच. त्याच्याकडे अशीच पेटी आहे, आणि तो कुणाला हात लावू देत नाही.

पुढच्या खेपेला त्याने टॉवेलात गुंडाळून चाळीसावा अंक आणला. साडूची अट एकच: वाचून परत. तुम्ही शब्द दिलात. बक्षिसाची पिशवी यादगिरीने घेतली नाही. त्याच्याकडे शेत नव्हतं.

त्या दिवशी आपण भांडलो, भाऊजी, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणाले, इतक्या वर्षांनी हाताशी आलाय, साडूला हवं ते द्या आणि ठेवून घ्या. माझ्या वहीत एकोणचाळीस खुणा आहेत आणि एक घर रिकामं.

"वैनी, त्याचा सेट मोडून आपला पुरा करायचा का?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही, होतं; हो असं होतं. मग मी अंक घेऊन अंबडला गेले आणि झेरॉक्स काढून आणली. इंद्रधनुष्याचा पूल काळा आला. तुम्ही म्हणालात, झालं की, चाळीस भरले. मी म्हणाले, झेरॉक्स धरत नाही. तुम्ही धरत होतात. हे तसंच राहिलं.

पण सांगायचा दिवस मात्र मी ठरवला, माझ्या पद्धतीने. पेरण्या आटोपल्यावरचा बाजार, म्हणजे सगळे मोकळे. परतूरला शेठना निरोप. दोन पिंपं पाणी. तुम्ही खुर्ची नको म्हणालात, पोत्यावर बसलात. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय हे तेव्हा फक्त तुमच्या दादांना माहीत होतं, मला आणि कमलला पोळ्यानंतर कळलं. कमल म्हणते, तिला अंदाज होता. मला नव्हता. मला फक्त दिसलं की तुम्ही मध्ये मध्ये थांबताय, आणि मी तांब्या पुढे करत होते.

तुम्ही सांगितलंत. इंद्रधनुष्याचा पूल मोडला. एकडोळ्या बाप आठ पायांच्या घोड्यावर बसून लांडग्याच्या जबड्यात गेला. घणवाल्याने सापाचं डोकं फोडलं, पावलं मोजत मागे सरला आणि सापाच्या विषाने पडला. तेव्हा तात्यांनी विचारलं. त्यांना आधीच म्हाईत असतं का, की हरणार म्हणून?

असतं, तुम्ही म्हणालात. पहिल्या अंकापासून म्हाईत असतं.

"मंग जातेत कशाला?"

"तात्या, तुम्ही पेरून राह्यले तवा पिकंल म्हणून कुणी लिहून दिल्तं का?"

तुम्ही पान उलटलंत. शेवटच्या चित्रात समुद्रातून जमीन वर येते, नवी, हिरवी. झाडाच्या ढोलीत लपलेलं एक जोडपं बाहेर येतं. आणि त्यांच्यासमोर उभं पीक असतं, कुणी न पेरलेलं. ती ओळ तुम्ही मला वाचायला लावलीत, इंग्रजीतून, मोठ्याने. तेवीस वर्षांत बाजारात मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मग तुम्ही ती मराठीत सांगितलीत.

मग मागून कुणी तरी विचारलं, बियाणं कोण्या कंपनीचं होतं? आणि तात्या म्हणाले, न पेरता उगवाय लागलं तर मुरल्याचं दुकान बसलं म्हणायचं. असं हसू त्या रस्त्याने कधी ऐकलं नसेल. शेठ डोळे पुसत होते, हसून की कशाने, मी विचारलं नाही. तुम्ही अंक मिटलात, माझ्याकडे दिलात आणि पोत्याला टेकून बसलात, कुस्ती मारून आल्यासारखे. आपण जिंकलो, भाऊजी. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही.

त्यानंतर यादगिरीची गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली, म्हणून अंक परत देणं राहिलं. तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, यादगिरी आल्ता का? शेवटी दवाखान्यातूनही दादांना तेच विचारलंत. मी तिथेच उभी होते. मला विचारलं नाहीत. मी काय म्हणेन ते तुम्हाला माहीत होतं, की मी काय करीन ते माहीत होतं, हे मला विचारायचं होतं.

तुम्ही गेल्याचं त्याला कुठून कळलं कोण जाणे. दिवाळी आपल्याकडे झाली नाही. त्याच दिवसांत तो आला. भिंतीपुढे उभा राहिला, नारळ न फोडता परत खिडकीशी आला. मी आतून अंक आणून त्याच्यापुढे धरला. खरंच धरला, कमल साक्षीला आहे. त्याने हात मागे घेतले.

"अब्बी नक्को अम्मा. सुतक में घर की चीज बाहर नै देते. अगली खेप में."

काल तेरावा झाला. सुतक फिटलं. सतरंज्या परत केल्या. भांडी मोजून दिली. शेठना मोटारसायकलवर नाही, गाडीत बसवून पाठवलं. दुकान उद्यापासून उघडायचं, कमल गल्ल्यावर बसणार, ते तिने स्वतः ठरवलं. भिंतीवरचं चित्र पेंटर पुन्हा रंगवणार आहे. पिवळे केस करू का, असं त्याने विचारलं. तात्या आणि मी दोघंही एकदम नको म्हणालो. वहीतल्या चाळीसच्या घरात मी आज सकाळी "झेरॉक्स" असं लिहिलं आणि पुढे खूण केली. तुमचं ऐकलं, असं समजू नका. एवढ्यापुरतं ऐकलं.

अंक ट्रंकेत ठेवलेला नाही. कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून वजनकाट्याशेजारी ठेवलाय. दुपारी दोनदा काढून शेवटचं पान पाहिलं. यादगिरीची गाडी उद्या सकाळी इथून जाते, असं पंपावरच्यांनी सांगितलंय.

यादीत एकच काम उरलं आहे. अंक त्याच्या हातात देणे.